आधी तोंड, मग पेन्सिल

प्रिय बाई,

(वर्गातली सगळी पोरं तुला आता बाई म्हणतात, मग मी तरी का मागे राहू!)

तुझं टाचण वाचलं. इयत्ता तिसरी, विषय 'पाऊस', उद्दिष्ट 'विद्यार्थी स्वतः कविता लिहितील'. तासाच्या शेवटी तुझ्या हातात काय पडेल ते आत्ताच सांगते: हिरवीगार झाडं, नाचणारा मोर आणि आनंदी शेतकरी. मुलं बिचारी आज्ञाधारक असतात. कवितेत हेच यायचं असतं अशी त्यांची समजूत आपणच करून दिलेली असते.

म्हणून 'पाऊस' एवढा मोठा विषय देऊच नकोस. 'आज शाळेत येताना काय काय भिजलं?' एवढंच विचार. पेन्सिली कंपासात. मुलं बोलतील ते तू फळ्यावर उतरवून घे, त्यांच्याच शब्दांत. चप्पल, दप्तर, आजीची पिशवी, कुत्र्याचं पिल्लू. मग आवाज विचार. चबचब, टपटप, धो धो, भुरभुर. आपल्या भाषेत या शब्दांना तोटा नाही, आणि या बाबतीत मुलं आपल्यापेक्षा श्रीमंत असतात. फळा भरला की तेच झालं त्यांचं लेखनाचं नियोजन. या वयात सुरुवात-मध्य-शेवट असे रकाने आखून देण्यात काही अर्थ नाही. गोष्ट लिहायची असेल तर फार तर तीन-चार चित्रं काढायला सांग आणि चित्रांवर बोट ठेवून ती शेजारच्याला सांगू दे.

आता छंद. अष्टाक्षरीपासून सुरुवात कर. एका ओळीत आठ अक्षरं, ऱ्हस्व-दीर्घाची भानगड नाही, जोडाक्षर एकच धरायचं. टाळ्या वाजवत मोजता येतं. समजा, कुणी म्हणालं, 'माझी चप्पल ओली झाली'. मोजा. नऊ! एक टाळी जास्त झाली. मग काय करायचं? इथे तू गप्प बसायचं. हे सगळ्यांत अवघड काम आहे, कारण उत्तर तुझ्या जिभेवर आलेलं असतं. थोड्या वेळाने कुणीतरी ओरडेलच, 'भिजली!' आणि हळूहळू असं काहीतरी उभं राहील:

पत्र्यावर वाजे सर
माझी चप्पल भिजली
दप्तरात गेलं पाणी
वहीची पुरी फुगली

ओली झाली काढून भिजली घालणं, हेच संपादन. तो शब्द न उच्चारता तिसरीतल्या पोरांनी ते केलेलं असतं. यमकाच्या मागे मात्र त्यांना लावू नकोस. आकाश आलं की प्रकाश येतोच, आणि मग चप्पल बाजूला राहते. आलं तर आलं.

शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी. पहिल्या कागदावर लाल पेन चाललं की मूल लिहिता येतील तेवढेच शब्द वापरायला लागतं, माहीत असलेले वापरत नाही. घरची बोलीही राहू दे. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहितावाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करता करता त्या खानदेशी बोलीत रचत गेल्या. घरच्यांनी त्या ओळी ऐकून टिपून ठेवल्या, मुलगा सोपानदेव स्वतः कवी होते, आणि १९५२ साली बहिणाबाईंचं पुस्तक निघालं. अक्षर गिरवताना अडखळणाऱ्या तुझ्या त्या मागच्या बाकावरच्या मुलालाही असा एक टिपून घेणारा हवा आहे. त्याच्यापुरती तू हो. तो सांगेल, तू लिही, आणि त्याने ते सगळ्यांसमोर म्हणून दाखवू दे.

पाठ्यपुस्तकातल्या कवितेबद्दल थोडंच सांगते. आधी दोन-तीनदा नुसती म्हणा, चालीवर, ठेका धरून. 'कवीला काय म्हणायचे आहे?' हा प्रश्न स्वाध्यायात असेल तर शेवटी उरकून टाक. त्याऐवजी 'यातली कुठली ओळ तुला पुन्हा म्हणावीशी वाटते?' असं विचार. कारण विचारलं नाहीस तरी चालेल.

तपासणीला साहेब येतील आणि स्वच्छ वह्या मागतील. पक्क्या प्रती करून ठेव, त्यात वाईट काही नाही. मला मात्र फोटो पाठवशील ते कच्च्या कागदांचे पाठव, खाडाखोडीसकट. आणि नऊ अक्षरांची ओळ तशीच ठेवायचा हट्ट कुणी धरला असेल, तर ती आधी.

तुझी,
जुन्या शाळेतली बाई