बदललेली चाचणी आणि घरी आलेला आकडा

शालेय प्रमाणित चाचण्यांविषयीची पालकांची पत्रे अलीकडे वाढली आहेत. कागदावरच्या चाचण्या संगणकावर गेल्या, गुण मांडण्याची रीत बदलली आणि घरी येणारा अहवाल अनोळखी वाटू लागला. आलेल्या पत्रांतील पाच प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला गेल्या वर्षी गणिताच्या चाचणीत ८४ टक्के गुण होते. यंदा नव्या चाचणीच्या अहवालात ‘स्केल गुण ५१२, पर्सेंटाइल ७१’ असे लिहिले आहे. ती १३ गुणांनी मागे पडली, असे समजायचे का?

उत्तर : नाही, आणि ही वजाबाकी आपण मनातून पूर्णपणे काढून टाकावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ८४ टक्के म्हणजे एकूण गुणांपैकी तिने किती मिळवले, त्याचे प्रमाण. पर्सेंटाइल ७१ म्हणजे ज्या गटाशी तिची तुलना केली, त्यातील सुमारे ७१ टक्के मुलांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी आहेत. चाचणी अवघड असेल तर शंभरपैकी ५५ गुण मिळवणारे मूल ९० पर्सेंटाइलवर असू शकते आणि चाचणी फार सोपी असेल तर ८४ टक्के मिळवूनही मूल गटाच्या मध्याखाली राहू शकते. म्हणून पर्सेंटाइल पाहिल्याबरोबर पहिला प्रश्न विचारावा तो हा, की तुलनेचा गट कोणता? याच वर्षी चाचणी दिलेली मुले, की काही वर्षांपूर्वी मानके ठरवण्यासाठी निवडलेला नमुना-गट? गट बदलला की मुलीने तीच उत्तरे लिहिली तरी पर्सेंटाइल बदलतो.

स्केल गुणांचे प्रयोजन निराळे आहे. एकाच चाचणीचे अनेक संच काढावे लागतात आणि कितीही काळजी घेतली तरी त्यांची काठिण्यपातळी तंतोतंत सारखी राहत नाही. त्यासाठी काही प्रश्न दोन्ही संचांत समान ठेवतात, त्यांवरून कोणता संच किती अवघड होता हे काढतात आणि मूळ गुणांचे एका सामायिक मोजपट्टीवर रूपांतर करतात. सोप्या संचातील ४० पैकी ३० आणि अवघड संचातील ४० पैकी २८ यांना एकच स्केल गुण मिळतो तो यामुळे, आणि यात अन्याय नसून उलट न्याय आहे.

मात्र ही मोजपट्टी माणसांनी आखलेली असते आणि कधीकधी ती पुन्हा आखावी लागते. अमेरिकेतील एसएटी या प्रवेश-परीक्षेच्या भाषाविभागाची श्रेणी १९४१ साली परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ५०० धरून ठरवलेली होती. पुढे परीक्षेला बसणारा वर्ग विस्तारत गेला आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही सरासरी ४२५ च्या आसपास आली. १९९५ मध्ये श्रेणी नव्याने बसवून सरासरी पुन्हा ५०० च्या जवळ आणण्यात आली. मध्यावरच्या विद्यार्थ्याच्या गुणांत त्यामुळे सत्तर-ऐंशींची भर दिसू लागली, परंतु त्याच्या भाषाज्ञानात तेवढ्याने काडीचाही फरक पडलेला नव्हता. आपल्या मुलीच्या अहवालाबाबतही हेच ध्यानात ठेवावे आणि जुन्या गुणांचे नव्या गुणांत रूपांतर करणारा अधिकृत तक्ता आहे का, हे शाळेला विचारावे. तसा तक्ता नसेल तर यंदाचे वर्ष पहिले धरून तुलना पुढच्या वर्षापासून सुरू करावी.

प्रश्न : वर्गात हुशार समजला जाणारा माझा मुलगा संगणकावरची नवी चाचणी देऊन रडत घरी आला. निम्मे प्रश्न आपल्याला आलेच नाहीत, असे तो म्हणतो. शाळेने न शिकवलेले विचारले असेल का?

उत्तर : आपले पत्र वाचून वाईट वाटले, कारण या मुलाचे रडणे दोन वाक्यांच्या पूर्वसूचनेने टळले असते. आपण वर्णन केलेली चाचणी बहुधा अनुकूली, म्हणजे अडॅप्टिव्ह, पद्धतीची असावी. हिच्यात सर्वांना एकच प्रश्नपत्रिका मिळत नाही. मुलाने उत्तर बरोबर दिले की प्रश्नपेढीतून पुढचा प्रश्न अधिक अवघड निवडला जातो आणि चुकले की थोडा सोपा. डोळे तपासताना तक्त्यावरच्या ओळी बारीक होत जातात आणि अक्षरे जेथे वाचता येईनाशी होतात तेथे दृष्टीची मर्यादा कळते. हे काम काहीसे तसेच आहे. मुलाची पातळी जिथे आहे त्याच्या आसपासचेच प्रश्न मिळत असल्याने हुशार मुलाचेही जवळपास निम्मे प्रश्न चुकणे अपेक्षित असते. अशा वेळी किती उत्तरे बरोबर आली याला फारसा अर्थ राहत नाही, किती अवघड प्रश्नांपर्यंत मूल पोहोचले ते गुणांत धरले जाते. शिकवलेल्या भागापलीकडचे प्रश्नही त्यात आले असतील, तर ते तो तिथवर पोहोचला म्हणून आले असतील.

ही पद्धत आणण्यामागे सबळ कारण आहे. सर्वांना सारखीच प्रश्नपत्रिका दिली तर ती बहुतेक मध्यम पातळीच्या मुलांना नजरेसमोर ठेवून काढलेली असते. अतिशय पुढे असलेले मूल ती सहज संपवते, फार मागे असलेले मूल पहिल्या पानावरच अडते आणि दोघांविषयीही आपल्याला जवळजवळ काहीच कळत नाही. मागे पडलेले मूल नेमके कोठे आहे हे कळणे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण मदतीची सर्वाधिक गरज त्यालाच असते. शिवाय कमी प्रश्नांत तेवढाच अचूक अंदाज बांधता येतो. पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय पाहणी करणाऱ्या पिसाने २०१८ मध्ये वाचनासाठी ही पद्धत स्वीकारली. एसएटी २०२३ मध्ये अमेरिकेबाहेर आणि २०२४ मध्ये अमेरिकेत पूर्णतः संगणकावर आली, तेव्हा तीन तासांची परीक्षा २ तास १४ मिनिटांवर आली. तेथे प्रत्येक प्रश्नानंतर पातळी बदलत नाही. प्रत्येक विभागाचे दोन टप्पे असतात आणि पहिल्यातील कामगिरीवरून दुसरा सोपा द्यायचा की अवघड, हे ठरते.

पुढच्या वेळी मुलाला आधीच सांगावे की प्रश्न अवघड होत जातील, काही येणार नाहीत आणि त्याचा अर्थ काही बिघडले असा नाही. मागील प्रश्नाकडे परत जाता येते का, हेही शाळेकडून समजून घ्यावे. काही चाचण्यांत एकदा दिलेले उत्तर बदलता येत नाही आणि हे ऐन वेळी कळले तर मूल गडबडते.

प्रश्न : आमची मुलगी जुन्या चाचणीत ‘प्रवीण’ गटात होती, नव्या चाचणीत ती ‘अंशतः प्रवीण’ गटात आली. असे कसे झाले?

उत्तर : अशा गटांच्या सीमारेषा ठरवण्यासाठी सहसा शिक्षक व विषयतज्ज्ञांची समिती बसते. प्रचलित पद्धतींपैकी एकीत प्रत्येक सदस्य प्रत्येक प्रश्नासमोर असा अंदाज नोंदवतो की, प्रावीण्याच्या अगदी उंबरठ्यावर असलेल्या शंभर मुलांपैकी किती जण हा प्रश्न सोडवतील. या अंदाजांच्या सरासरीवरून सीमारेषा सुचवली जाते. नवी चाचणी आली की हे काम पुन्हा होते आणि रेषा वर किंवा खाली सरकू शकते. आपली मुलगी रेषेपासून किती अंतरावर आहे, ते स्केल गुणांवरून पाहावे. गटाच्या नावापेक्षा ते अंतर अधिक बोलके असते.

तथापि सर्व दोष मोजपट्टीवर टाकून मोकळे होणेही बरोबर नाही. नव्या चाचण्यांत पुष्कळदा केवळ उत्तर न मागता त्यामागचे कारण लिहायला सांगतात किंवा दोन उताऱ्यांची तुलना करायला लावतात. मुलीला तेथेच अडचण येत असेल, तर जुन्या चाचणीने न दाखवलेली खरी उणीव नव्या चाचणीने दाखवली आहे. तिच्या वहीतील लेखन शिक्षकांबरोबर बसून पाहिल्यास दोन्हींपैकी काय घडले ते लवकर कळेल.

प्रश्न : वर्षातून तीनदा होणाऱ्या चाचणीत मुलाचे गुण २१२ वरून २०८ झाले. शिकवणी लावावी का?

उत्तर : एवढ्यावरून नको. प्रत्येक गुणाला मोजमापाची त्रुटी असते आणि ती बहुधा अहवालात बारीक अक्षरांत दिलेली असते. समजा ती ४ आहे. म्हणजे मुलाची खरी पातळी साधारण तीनपैकी दोन वेळा २०८ ते २१६ यांच्या दरम्यान असेल. दोन चाचण्यांच्या गुणांतील फरकात तर दोन्हींची त्रुटी मिसळते आणि ती साडेपाचच्या वर जाते. चार गुणांची घट त्यात सहज सामावते. झोप अपुरी झाली होती, एवढे कारणही त्याला पुरते. सलग तीन चाचण्यांत उतार दिसला, तर मात्र शिक्षकांना अवश्य भेटावे. ‘भूमिती : ५० टक्के’ असे उपविभागांचे आकडेही जपून वाचावेत, त्या भागात चारच प्रश्न असतील तर एका प्रश्नाने २५ टक्के इकडचे तिकडे होतात.

प्रश्न : संगणकावरच्या चाचणीची घरी काय तयारी घ्यावी? माझ्या मुलाला अक्षरे वाचायला वेळ लागतो आणि त्याला जादा वेळेची सवलत आहे.

उत्तर : बहुतेक चाचण्यांची सराव-आवृत्ती उपलब्ध असते. ती, शक्य तर, शाळेत वापरतात तशाच उपकरणावर दोन-तीनदा करून घ्यावी. लांब उतारा सरकवत वाचणे, उत्तर ओढून योग्य जागी ठेवणे, पडद्यावरचा कॅल्क्युलेटर वापरणे आणि परिच्छेदभर टंकलेखन करणे यांची सवय झाली म्हणजे पुरे. त्याहून अधिक घोकंपट्टीचा लाभ थोडा आणि ताण फार.

सवलत कागदावरून संगणकावर आपोआप जात नाही. ती प्रणालीत मुलाच्या नावापुढे आधी नोंदवावी लागते. प्रश्न मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय गणितात बहुधा मिळते. वाचनाच्या चाचणीत मात्र ती अनेकदा नाकारतात, कारण तेथे मोजायचे असते तेच वाचन. चाचणीच्या काही आठवडे आधी शाळेत जाऊन, नोंदवलेल्या सवलतींची यादी आपल्यासमोर उघडून दाखवण्याची विनंती करावी आणि त्याच सवलती सुरू ठेवून मुलाला एक सराव चाचणी देऊ द्यावी.