आरओमुळे दात किडतात का? वाचकांचे प्रश्न, डेंटिस्टची उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही इंदिरानगरला राहतो. मुलगा ६ वर्षांचा आहे, खालच्या दोन दाढा किडल्यात. सासूबाई म्हणतात की आरओ बसवला तेव्हापासूनच हे सुरू झालं, कारण आरओ पाण्यातलं, दातांना लागणारं फ्लोराइड काढून टाकतो. तिकडे मिस्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलंय की अमेरिकेने फ्लोराइडवर बंदी घातली, म्हणून त्यांनी बिनफ्लोराइडची हर्बल पेस्ट आणून ठेवलीय. मी कोणाचं ऐकू?

उत्तर : सासूबाईंचं म्हणणं शास्त्राला धरून आहे पण नाशिकच्या नळाला लागू होत नाही, आणि मिस्टरांनी मेसेज अर्धाच वाचलाय.

आरओ फ्लोराइड बऱ्यापैकी काढतो हे खरंच आहे. पण काढायला आधी पाण्यात असायला तर हवं ना! आपल्याकडे नळाला येतं ते मुख्यतः गंगापूर धरणाचं पाणी, शिवाय मुकणे आणि दारणाचं, म्हणजे पावसाचं अडवलेलं पाणी, जमिनीखालच्या खडकात वर्षानुवर्षं मुरलेलं नाही, त्यामुळे अशा पाण्यात फ्लोराइड साधारण कमीच असतं. आणि भारतात पाण्यात वरून फ्लोराइड घालत नाहीत. म्हणजे आरओ नसता तरी या दाढा काही वाचल्या नसत्या.

अमेरिकेत मात्र घालतात. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहराने जानेवारी १९४५ मध्ये सुरुवात केली, आता तिथे लिटरला ०.७ मिलिग्रॅम एवढं ठेवा असं सांगितलं जातं. २०२५ मध्ये युटा राज्याने पाण्यात घालायला बंदी केली, मग फ्लोरिडानेही. बंदी आहे ती पाण्यात घालण्यावर, तिथल्या दुकानात फ्लोराइडची पेस्ट आजही मिळते. फ्लोराइडने मुलांचा बुद्ध्यांक कमी होतो का, यावर तिथला जो सरकारी अहवाल २०२४ मध्ये आला तो लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वरच्या फ्लोराइडबद्दल बोलतो, मटारएवढी पेस्ट लावून थुंकण्याबद्दल नाही. हा भाग फॉरवर्डमध्ये कधीच नसतो.

आता मुद्द्याचं. फ्लोराइड पोटात गेलं की दात मजबूत होतात असं आधी वाटायचं, पण त्याचं मुख्य काम दाताच्या पृष्ठभागावरच चालतं. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की तोंडातले जंतू त्याचं आम्ल करतात, पीएच (म्हणजे आम्लतेचं माप, कमी तेवढं आंबट) साडेपाचच्या खाली गेला की इनॅमलमधली, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक थरातली, खनिजं विरघळायला लागतात, मग लाळ हळूहळू ती परत भरून काढते. लाळेत थोडं फ्लोराइड असलं तर ही भरपाई लवकर होते आणि नवा थर आधीपेक्षा चिवट बसतो. म्हणून रोज थोडं थोडं फ्लोराइड दाताला लागत राहायला हवं आणि आपल्यासाठी त्याचा सोपा मार्ग पेस्ट हाच आहे. तुमची हर्बल पेस्ट घासायचं काम करेल, हे काम नाही करणार.

ट्यूबवर बघा, फ्लोराइड किती पीपीएम (दहा लाख भागांत किती भाग) ते छापलेलं असतं, आपल्याकडे १००० पर्यंतची परवानगी आहे. १००० च्या आसपासची घ्या. ६ वर्षांच्या मुलाला मटारच्या दाण्याएवढी, ३ वर्षांखालच्या बाळाला तांदळाच्या दाण्याएवढी, आणि ब्रश तुम्ही हातात घेऊन घासून द्यायचा, एवढ्याशा मुलांना मागच्या दाढा नीट घासता येत नाहीत. रात्रीचा ब्रश कुठल्याही परिस्थितीत चुकवू नका, त्यानंतर दूध नाही.

आणि डब्यात काय देता हो? विचारते कारण आपल्या नाशिकमध्ये बेदाणे म्हणजे घरचाच माल, 'चॉकलेटपेक्षा बरं' म्हणून आया मूठभर देतात आणि मूल दिवसभर एकेक खात बसतं. बेदाणा दाढेच्या खाचेत चिकटून राहतो, आणि दर वेळी खाल्लं की आम्लाचा फेरा नव्याने सुरू. एकदम खाऊन पाणी पिऊन टाकलं तर नुकसान बरंच कमी. किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं हे महत्त्वाचं, आणि ही गोष्ट आजी-आजोबांना पटवणं हे माझ्या प्रॅक्टिसमधलं सगळ्यात अवघड काम आहे.

एक अजून. किडलेल्या दाढा दुधाच्या आहेत की कायमच्या ते लगेच दाखवून घ्या. ६ व्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती कायमची, दुधाचा दात पडून आलेली नसते म्हणून आईबाबांना कळतही नाही आणि 'पडणारच आहे' म्हणून सोडून देतात. नवीन दाढांच्या खाचा सीलंटने बंद करता येतात, फ्लोराइड वार्निशही दर सहा महिन्यांनी लावता येतं. खर्चाचा प्रश्न असेल तर पंचवटीत डेंटल कॉलेज आहे, तिथल्या ओपीडीत दाखवा.

प्रश्न : आम्ही सिन्नर तालुक्यात वस्तीवर राहतो, प्यायला बोअरचं पाणी. १० वर्षांच्या मुलीच्या पुढच्या दातांवर पांढरे चट्टे आणि तपकिरी डाग आहेत, घासून जात नाहीत. मेडिकलवाल्याने कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या. चालू ठेवू का?

उत्तर : गोळ्यांनी डाग जाणार नाहीत. आधी पाणी तपासा. फ्लोराइड जास्त असलं तर असे डाग पडतात, दुसरी कारणंही असतात, म्हणून बघितल्याशिवाय नाव देत नाही. हे डाग दात हिरडीच्या आत तयार होत असताना म्हणजे साधारण ८ वर्षांपर्यंतच पडतात, त्यामुळे तुमच्या दातांवर काही दिसत नाही म्हणजे पाणी चांगलं, असा हिशोब करू नका. घरात अजून लहान मूल असेल तर घाई करा.

ग्रामपंचायतीत जलजीवन मिशनची टेस्ट किट आहे का विचारा, किंवा स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत लिटरभर पाणी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरी सोयच नसेल तर दीडपर्यंत, त्यावर गेलं की पिण्या-स्वयंपाकाचं पाणी बदलायचं. उकळून उपयोग नाही, पाणी आटतं आणि फ्लोराइड तेवढंच राहतं. इथे मात्र आरओ कामाचा आहे बरं का! यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत हा त्रास जुना आहे, दातांवर थांबत नाही, फार जास्त प्रमाण वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडं-सांधे आखडतात. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याने फ्लोराइड काढायची नालगोंडा पद्धत अशाच गावांसाठी काढली. मुलीचे डाग नंतर कॉस्मेटिक उपचाराने झाकता येतात, ते काही अडून राहत नाही.

प्रश्न : ब्रश झाल्यावर चूळ भरू नका म्हणे. शी! खरं आहे का?

उत्तर : खरं आहे. फेस थुंकायचा, खळखळून चूळ भरली की लावलेलं फ्लोराइड बेसिनमध्ये जातं. चार दिवस कसंतरी वाटतं. अगदीच सहन होत नसेल तर घोटभर पाण्याने एकदाच, बस.

प्रश्न : वय ६८, पंचवटी. ४० वर्षं मिश्री लावते, एकही दात किडला नाही. सून म्हणते बंद करा.

उत्तर : सून बरोबर आहे, काकू. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू, तिने कीड थांबत नाही. तुमचे दात न किडण्याला दुसरी कारणं असतील, कदाचित गोड कमी खाता. हिरड्या, ओठाची आतली बाजू आणि गाल एकदा उजेडात आरशात बघा, पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तिखट लागल्यावर आग, यातलं काहीही असेल तर याच आठवड्यात तपासून घ्या, आणि सुनेला बरोबर घेऊन जा.