डबमध्ये शब्द कुठे जातात?

प्रश्न : माझ्या मुलाने जुन्या तबकड्यांच्या दुकानातून ‘द क्लॅश’ या ब्रिटिश बँडचा ‘सँडिनिस्टा!’ हा अल्बम आणला. पंक हे बंडखोर रॉक, जमैकाचे रेगे संगीत आणि त्यातूनच निघालेला डब यांचा मेळ घालणारा, अन्यायाविरुद्ध बोलणारा अल्बम अशी त्याची ख्याती ऐकली होती. मी लालबागच्या चाळीत शाहिरी ऐकत वाढलो. येथे मात्र काही ठिकाणी गायकाचा आवाज मध्येच विरतो आणि नुसती वाद्ये उरतात. शब्दच नसतील तर सामाजिक आशय कोठे शोधायचा? – एक वाचक, लालबाग

उत्तर : आपली तबकडी खराब नाही. शब्द मुद्दाम काढले आहेत, आणि माझ्या मते या अल्बमचा सामाजिक आशय तेथेच सर्वांत खोल आहे.

जमैकातील किंग्स्टन शहरात किंग टबी नावाचे, रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारे एक कसबी कारागीर होते. १९७०च्या दशकात त्यांनी आपल्या छोट्या स्टुडिओत, आधीच मुद्रित झालेल्या गाण्यातून आवाज वगळून ड्रम आणि बास तेवढे ठेवायचे, मग एखादाच शब्द प्रतिध्वनीसह परत सोडायचा, ही पद्धत घडवली. तोच डब. गल्लीतल्या नाचाच्या मैफलीत अशी ‘व्हर्जन’ लागली की कोणीतरी माइक हाती घेऊन त्या मोकळ्या जागेत आपले बोलणे मांडत असे. शाहीर थांबतो आणि झीलकरी ‘जी जी रं जी’ म्हणत सूर उचलतात, त्याच्याशी याचे नाते मला जवळचे वाटते. फरक इतकाच की येथे पुढचा गाणारा कोण, हे ठरलेले नसते.

‘सँडिनिस्टा!’ डिसेंबर १९८० मध्ये आला. निकाराग्वात १९७९ साली हुकूमशाही उलथवणाऱ्या चळवळीचे नाव त्याला दिले आहे. तीन तबकड्या आणि ३६ गाणी असूनही श्रोत्यांना तो स्वस्तात मिळावा म्हणून बँडने ब्रिटनमधील पहिल्या २ लाख प्रतींवरील रॉयल्टी सोडली. त्यातील डबमागे जमैकाचे संगीतकार मायकी ड्रेड यांचा हात आहे.

दुसऱ्या बाजूवरील ‘वन मोअर टाइम’ आणि त्याला लागूनच येणारे ‘वन मोअर डब’ सलग ऐकावे. पहिल्यात गरीब वस्तीचे चित्र आहे, जेथे रस्त्यावर चार पावले टाकायची तर म्हातारीलाही कराटे यावे लागते. दुसऱ्यात तीच वस्ती, पण सांगणारा बाजूला झालेला. कृपा करून हे मोबाइलवर ऐकू नये, त्यात बास उमटतच नाही. मी स्पीकरच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवून ऐकले, तेव्हा कानाआधी हाताला ठेका कळला.

सहावी बाजू मला विस्कळीत वाटते. तरी ती सोडू नये, कारण बेकारीवरचे १९७७ सालचे आपलेच एक गाणे बँडने तेथे लहान मुलांकडून गाऊन घेतले आहे.