"मॅडम, पोराच्या रेकॉर्डला लागेल का?"

दारातूनच ताईंनी हे विचारलं. अजून बसल्याही नव्हत्या. मागे त्यांचे मिस्टर, हातात फाईल, आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभा असलेला मुलगा. वय 17 वर्षं 10 महिने, बारावी सायन्स. मुलाचं नाव लिहीत नाही, बदलूनही लिहीत नाही. अशा मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्यातच मनाई आहे. तपशीलही थोडे इकडेतिकडे केले आहेत.

घडलं ते असं. मित्राचा वाढदिवस, नाशिकजवळ एका शेतघरावर पाच जण जमले. रात्री एकच्या सुमाराला परत येताना नाकाबंदी लागली. मुलाने गाडी थांबवली खरी, पण बंपर बॅरिकेडला घासला. हवालदारांनी तोंडाशी यंत्र धरलं, आकडा आला 64. कायद्याची मर्यादा 100 मिलीलीटर रक्तात 30 मिलीग्रामची. मग रक्त तपासायला सरकारी दवाखान्यात नेलं आणि पहाटे घरी फोन गेला.

गेल्या काही वर्षांत अशी सात-आठ कुटुंबं माझ्याकडे समुपदेशनासाठी आली. पहिला प्रश्न बहुतेकांचा हाच असतो. पोलिसांत नाव गेलं, आता पासपोर्ट मिळेल का, एनडीएचा फॉर्म भरता येईल का, पुढे नोकरीत काढतील का. 2024 नंतर त्यात आणखी एक भर पडली आहे: "निबंध लिहून सुटतो ना?" त्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी 17 वर्षांच्या मुलाच्या हातात होती आणि जामिनाच्या अटींमध्ये 300 शब्दांचा निबंध होता. लोकांच्या डोक्यात तेवढाच निबंध राहिला. त्याच प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आणि ड्रायव्हरला गुन्हा अंगावर घ्यायला लावल्याच्या आरोपांवरून घरातली मोठी माणसं गजाआड गेली, हे फार कुणाला आठवत नाही.

मी वकील नाही, हे आधीच सांगते. पण बाल न्याय मंडळाने समुपदेशनासाठी पाठवलेली मुलं बघत आले आहे, त्यामुळे रस्ता माहीत झालाय. ताईंना म्हटलं, रेकॉर्डचं आधी ऐका, म्हणजे झोप लागेल. 18 च्या आतलं मूल कायद्याच्या भाषेत आरोपी नसतं, 'विधिसंघर्षग्रस्त बालक' असतं. शब्द जड आहे, पण उपयोगाचा आहे. त्याला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, 24 तासांच्या आत मंडळापुढे उभं करावं लागतं. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, त्यांत निदान एक बाई. जामीन हा नियम, नाकारणं हा अपवाद. या मुलाला तर त्याच रात्री आईवडिलांच्या हमीवर घरी सोडलं होतं. मंडळाने दोषी धरलं तरी तो ठपका पुढे अपात्रता म्हणून चिकटत नाही, बाल न्याय कायद्याचं कलम 24 तेच सांगतं. अपिलाची मुदत संपून ठरावीक काळ गेला की कागदपत्रंही नष्ट करायची असतात. फॉर्मवर काय लिहायचं ते मात्र वकिलांना विचारूनच लिहा, अंदाजाने 'नाही' ठोकू नका.

ताईंचा चेहरा जरा सैल झाला. वडील म्हणाले, "दोनच महिने राहिले होते हो अठराला. लायसन काढणारच होतो." त्यांना म्हटलं, दोन महिन्यांनी मोठा असता तर आज तुम्ही माझ्यासमोर नसता, फौजदारी कोर्टात असता. पिऊन गाडी चालवल्याबद्दल सज्ञान माणसाला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. ते दोन महिने कमी पडले हे मुलाचं नशीब समजा.

मग मी विचारलं, "गाडी कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या," ताई म्हणाल्या. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पगाराची स्लिप होती म्हणून कर्ज त्यांच्या नावावर काढलं, गाडीही त्यांच्याच नावावर झाली. चालवायचे मिस्टर. ताईंना गाडी येतही नाही.

हे सांगताना मला दर वेळी जड जातं. मोटार वाहन कायद्यात 2019 साली कलम 199अ आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी 12 महिने रद्द. आणि मुलाला वयाची 25 वर्षं पूर्ण होईपर्यंत लायसन नाही, शिकाऊसुद्धा नाही. मालकाच्या संमतीनेच गाडी गेली असं कोर्ट गृहीत धरतं. माझ्या नकळत गेली, किंवा मी सगळी काळजी घेतली होती, हे तुम्ही सिद्ध करायचं.

ताई आपल्या मुलाच्या रेकॉर्डची चिंता करत आल्या होत्या आणि खऱ्या अर्थाने केस त्यांच्यावर होती. शिक्षा झाली तर खात्याची कारवाई वेगळीच. त्यांनी फाईल मिस्टरांच्या हातातून घेतली आणि पहिल्यांदा नीट उघडून वाचली. मुलगा मात्र 25 या आकड्यावर अडकला होता. "पंचवीस?" एवढंच म्हणाला आणि डोळे भरून आले. कैदेचं ऐकून रडला नव्हता. सतरा वर्षांच्या मुलाला तुरुंग खरा वाटत नाही, बाईक नसणं वाटतं.

दुसऱ्या दिवशी वडील एकटेच आले. मेहुण्यांनी सुचवलंय म्हणाले, दुकानातला पोऱ्या तयार आहे, गाडी तो चालवत होता असं म्हणेल. त्याचं लायसन आहे, दहा-वीस हजार देऊ. मी विचारलं, हवालदारांनी स्टिअरिंगवरून कुणाला उतरवलं? रक्त कुणाचं घेतलं? ते गप्प बसले. म्हटलं, आत्ता तुमचा मुलगा मंडळापुढे आहे आणि ताईंच्या डोक्यावर एक कलम आहे. खोटा साक्षीदार उभा केलात तर नवा गुन्हा, आणि तो तुमच्या स्वतःच्या नावावर. शिवाय तो पोऱ्या कुणाचा तरी मुलगा आहे. हे शेवटचं वाक्य समुपदेशकाने बोलायचं नसतं, पण तोंडातून गेलं.

मुलाशी एकट्याशी बोलले तेव्हा वेगळंच समोर आलं. तीन वर्षांपासून गाडी चालवत होता. आधी मळ्याच्या रस्त्यावर, मग दिंडोरीपर्यंत, मग मामाकडे. बाबांनीच शिकवलं. पाहुण्यांसमोर "आमचा पठ्ठ्या बघा कशी रिव्हर्स घेतो" हेही बाबांचंच. त्या रात्री बाकीचे चौघं उलट्या करत होते. हा त्यातल्या त्यात कमी प्यायलेला, म्हणून किल्ली त्याच्या हातात. आपण जबाबदारीने वागतोय असंच त्याला वाटत होतं. मी त्याच्याशी वाद घातला नाही. 64 आकडा असलेला माणूस स्वतःला शुद्धीतला समजतो, दारूचं काम तेच असतं.

"घरी फोन का नाही केलास?"

बराच वेळ टेबलावरचं पेन फिरवत बसला. मग म्हणाला, "केला होता."

पाऊण वाजता. बाबांना. थोडी घेतलीय, हे सांगितलं होतं. बाबा म्हणाले, आई झोपलीय, आरडाओरडा नको, हायवेने येऊ नकोस, आतल्या रस्त्याने हळूहळू ये.

नाकाबंदी आतल्याच रस्त्यावर होती.

आता हे मी ताईंना सांगायचं का? मुलाने विश्वासाने सांगितलेलं. पण ताईंचा सगळा बचाव 'मला ठाऊक नव्हतं' यावर उभा, आणि ते खरंच होतं. त्यांचं न ठाऊक असणं सिद्ध करायचं तर कुणाला ठाऊक होतं हा प्रश्न येणारच. मी वडिलांना बोलावलं आणि एवढंच म्हटलं, फोनचा इतिहास पोलीसही काढू शकतात आणि ताईही. तुम्ही सांगितलेलं बरं. तुमच्या वकिलांना तर आजच. चार दिवस फोन नाही. पाचव्या दिवशी तिघं एकत्र आले आणि वडिलांनी माझ्यासमोर ताईंना सांगितलं. ताई ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "कर्जाचा हप्ता माझ्या पगारातून जातो, तेवढं तरी लक्षात होतं ना?" मग पुढची वीस मिनिटं कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

आणखी एक गाठ होती. बिअर कुणी आणली? मित्राच्या बावीस वर्षांच्या चुलतभावाने. मुलगा नाव सांगायला तयार नव्हता, दोस्ती तुटेल म्हणून. अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, हे ऐकल्यावर तर आणखीच घट्ट बसला. मी दबाव आणला नाही. वकिलांशी एकट्याने बोल, एवढंच सांगितलं. पुढे काय बोलला ते मला माहीत नाही, आणि ते मी विचारलंही नाही.

परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येऊन गेले. त्यांना सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो: घर कसं, शाळा काय म्हणते, आधी काही घडलंय का. शेजारी विचारतील म्हणून ताईंनी त्या दिवशी पडदे लावून घेतले होते. अधिकाऱ्यांनी चहा घेतला, मुलाला बारावीचं विचारलं, बाबांना किल्ल्या कुठे टांगता हे विचारलं. मंडळाने मुलाला समुपदेशन आणि काही रविवार जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात मदतीचं काम दिलं. पहिल्या रविवारी तो दोन तासांत घरी आला, जेवला नाही. ताईंचा फोन, "मॅडम, हे जरा जास्तच होतंय का?" मी म्हटलं, जाऊ द्या पुढच्याही रविवारी. गेला.

ताईंवरचा खटला अजून चालू आहे. 'त्या रात्रीचा फोन मला आला होता', हे वडिलांनी वकिलांमार्फत मांडायचं ठरवलंय. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही, पण ताई आता रात्री झोपतात. गाडी ताडपत्रीखाली उभी आहे, हप्ता चालू आहे. बॅरिकेडवर निभावलं हेही बोलून झालं. कुणाला लागलं असतं तर विमा कंपनीने भरपाई दिली असती, पण बिनालायसनच्या चालकामुळे कोर्ट सहसा ती रक्कम मालकाकडून वसूल करायला सांगतं. त्या रकमेत ताईंचा फंडसुद्धा गेला असता.

मागच्या महिन्यात शेवटचं सत्र झालं. उठता उठता वडील म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं होतं. धाकटीला सोळा पूर्ण होतायत. क्लासला स्कूटी मागतेय. सोळाला लायसन मिळतं ना?"

मिळतं, मी म्हटलं, पण 50 सीसीच्या आतल्या बिनगिअरच्या गाडीचं. तुमच्या दारात उभी आहे ती 110 ची. क्लासला जाणाऱ्या मुलींच्या हातात दिसतात त्या बहुतेक तशाच.

"सगळ्याच मुली चालवतात पण," वडील म्हणाले.

ताई काही बोलल्या नाहीत. पर्सची चेन उघडली, आत हात घालून स्कूटीची किल्ली चाचपली आणि चेन परत लावली.