पोराच्या डोळ्यासाठी बैलजोडी विकू का?

प्रश्न: डॉक्टरसाहेब नमस्कार. माह्या पोराचं वय 27. दोन वर्षात चारदा डोया लाल झाला, कधी डावा कधी उजवा, ठणकते अन् उजेडाकडे पाहवत नाई. थेंब टाकले का आठ दिवसात बरं वाटते मंग तो थेंबच सोडून देते. डॉक्टर युव्हायटिस म्हणते, म्हंजे डोयाच्या आतली सूज. आता एक जण सांगते का पोटाची चरबी काढून स्टेम सेलचं इंजेक्शन डोयात देतेत, दोन लाख लागतीन. गावातल्या एका पोट्ट्याचा चुन्यानं जयलेला डोया हैदराबादले स्टेम सेलनंच सुधरला म्हणून इश्वास बसते. बैलजोडी विकू का? पोरगा सकाळी उठला का कंबर धरूनच बसते, ट्रॅक्टरवर चढाले अर्धा तास लागते.
— एक शेतकरी, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, बैलजोडी गोठ्यातच राहू द्या.

कंबरेचं तुम्ही जाता जाता लिहिलं पण मी तिथंच थांबलो. तरुण पोरगा, आलटून पालटून लाल होणारा डोळा आणि सकाळी आखडून मग कामाला लागल्यावर मोकळी होणारी कंबर, हे एकत्र दिसलं की आम्हाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसचा संशय येतो, म्हणजे शरीराची इम्युनिटी आपल्याच मणक्यावर अन् डोळ्यावर उलटते. एचएलए-बी27 (या आजाराची रक्तात दिसणारी एक खूण) ची रक्त तपासणी आणि कंबरेचा एक्स-रे करा, टीबीचीही तपासणी करा कारण आपल्याकडे टीबीनंही युव्हायटिस होतो.

तो चुन्याचा पोट्टा खोटा नाही बरं. खर्र्याच्या चुन्याची पुडी फुटून लेकरांचे डोळे जळतात, त्यात बुबुळाच्या काठावरच्या स्टेम सेल, म्हणजे नवी कातडी तयार करणाऱ्या पेशी, मरतात, मग चांगल्या डोळ्यातून जेमतेम 2 मिलिमीटरचा तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून जळलेल्या डोळ्यावर लावतात. हे ऑपरेशन हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद या डोळ्यांच्या दवाखान्यातच विकसित झालं. पण ते डोळ्याच्या वरच्या कातडीचं काम, तुमच्या पोराची सूज आत आहे. त्या सुजेवर स्टेम सेलचे प्रयोग बरेचसे उंदरांवर अन् थोड्याशा पेशंटवर झालेत, ते अजून ट्रायलमध्येच, म्हणजे चाचणीतच आहे, आणि ट्रायलवाला पेशंटकडून दोन लाख मागत नसतो. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधन पाहणारी सरकारी संस्था, तिच्या 2017 च्या नियमात रक्ताचे काही आजार सोडले तर ट्रायलबाहेर असं स्टेम सेलचं इंजेक्शन द्यायची परवानगीच नाही. अमेरिकेत फ्लोरिडात 3 बायांच्या डोळ्यात अशीच चरबीतली सेल टोचली, त्यांचा आजार वेगळा होता पण तिघींची नजर गेली.

खरी गडबड थेंब मधेच सोडण्यात आहे. स्टेरॉइडचा थेंब आधी तासातासाला, मग हळूहळू कमी करत आणायचा असतो, अचानक बंद केला की सूज परत येते अन् बाहुलीचा पडदा मागच्या भिंगाला चिकटतो. आणि कोणाला न विचारता मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने टाकला तर मोतीबिंदू, काचबिंदू. पुन्हापुन्हा होतच राहिलं तर उलटलेल्या इम्युनिटीला आवर घालणारी औषधं आहेत, आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेट किंवा अडालिमुमॅबचं इंजेक्शन.

यवतमाळचं सरकारी मेडिकल कॉलेज नाहीतर सेवाग्रामचा दवाखाना, जे जवळ पडेल तिथं न्या, आणि थेंबाच्या रिकाम्या बाटल्या पण सोबत घ्या.