मोहाच्या बियांचं तेल थिजलं म्हणजे भेसळ नव्हे

ताई, धडगावच्या बाजारातून आणलेली मोहाच्या तेलाची बाटली थंडी पडताच तुपासारखी थिजली, म्हणून फसवलं गेल्याची शंका तुम्हाला आली आहे. बाटली टाकून देऊ नका. हे तेल थंडीत थिजतंच. यात स्टिअरिक आणि पामिटिक ही घट्ट होणारी आम्लं मिळून जवळपास 40 ते 45 टक्के असतात. शहाद्याला पहाटे पारा 10 अंशांच्या आसपास आला की ते पातळ राहणार कसं? पण थिजलं म्हणजे शुद्धच, असंही धरू नका. पामतेलही थिजतं.

खरी पारख वासावर करा. टोळंब्या, म्हणजे मोहाची बियांची फळं, जेठ-आषाढात गोळा होतात, आणि नेमका तेव्हाच सातपुड्यात पाऊस सुरू होतो. बी ओलं राहिलं की आतली चरबी फुटायला लागते आणि तेल घाण्यातूनच खवट निघतं. थोडं तेल तळहातावर घेऊन चोळा. नाकात जाणारा खवट, तिखट वास आला तर ते दिव्याला ठेवा, अंगाला नको. चांगलं तेल पिवळसर असतं आणि वास मंद असतो. घेताना विक्रेतीला विचारा की बी यंदाचं आहे का आणि वाळवलं कुठे. डोंगरातल्या बायकांना यातलं आपल्यापेक्षा फार जास्त कळतं, त्या सरळ सांगतात. भाव मात्र पाडू नका. फळं वेचा, बी फोडा, वाळवा, मग गाळा, एवढे कष्ट त्या बाटलीत असतात.

आता लावायचं कुठे? टाचा आणि हात. यासाठी माझ्या मते खान्देशात याच्यासारखं दुसरं तेल नाही. कापूस वेचणाऱ्या बायकांची बोटं पाहा. बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा फाटलेल्या असतात, भाकरीचं पीठ मळताना त्यात मीठ गेलं की डोळ्यांत पाणी येतं. रात्री कोमट पाण्याने हात धुवायचे, अर्धवट पुसायचे आणि ओलसर असतानाच हरभऱ्याएवढा गोळा चोळून घ्यायचा. तेल पाणी घालत नाही, आहे ते धरून ठेवतं, म्हणून कोरड्या कातडीवर लावून फारसा उपयोग होत नाही. उललेल्या टाचांनाही तसंच लावा आणि वरून मोजे घाला. भेगेतून रक्त येत असेल किंवा मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) उन्हात मात्र हे तेल अंगाला नको, चिकटतं आणि धूळ बसते.

चेहऱ्याला लावू नका, तुम्ही लिहिलंय की पुटकुळ्या येतात. एवढं जड तेल त्यावर नको. तान्ह्या बाळाला आणि एक्झिमा असलेल्यांनाही मी देणार नाही. यात ओलेइक आम्ल भरपूर आहे, आणि ते नाजूक कातडीचं वरचं आवरण सैल करतं. कुणीही पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस वाट बघावी.

तुमच्या मुलीचे केस गळतात, त्याबद्दलही तुम्ही विचारलंय. कोणत्याही तेलाने केस उगवत नाहीत. केसाच्या आत शिरण्यात खोबरेल पुढे आहे, ते त्यातल्या लॉरिक आम्लामुळे. मोहाचं तेल केसावर थर धरतं, म्हणून नहाण्याआधी तासभर फक्त टोकांना लावा, गुंता कमी होतो. कोंडा असेल तर टाळूला नकोच. कोंड्यामागची बुरशी तेलातल्या आम्लांवरच जगते. गळणं तीन महिने थांबलं नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासून घ्या. वयात येणाऱ्या मुलींमध्ये लोह कमी असणं फार आढळतं.

आणि शेजारणीने उवांसाठी याच तेलात सीताफळाच्या बियांची पूड कालवायला सांगितलीय, ते कृपा करून करू नका. ती पूड डोळ्यात गेली की बुबुळाला इजा होते, आग आणि सूज येऊन काही दिवस दिसेनासं होतं. नहाताना डोकं पुढे घेतलं की ती डोळ्यात जाणारच. उवांना बारीक दातांची फणी आणि औषधाच्या दुकानातलं पर्मेथ्रिन लोशन, घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी तपासून. चुकून पूड डोळ्यात गेलीच, तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि चोळू न देता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या.