गॅलॅक्टोसेमिया असलेल्या बाळाला ‘लॅक्टोज-फ्री’ दूध चालेल का?

नाही, पाकिटातलं लॅक्टोज-फ्री दूध अजिबात देऊ नका. गॅलॅक्टोसेमिया म्हणजे गॅलॅक्टोज ही साखर शरीराला नीट वापरता न येण्याचा जन्मजात आजार. लॅक्टोज-फ्री दुधात लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) घालून लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, फोडलेलं असतं, म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज सुटे होतात. नको असलेली साखर तशीच दुधात राहते. लॅक्टोज न पचणाऱ्याला हे दूध चालतं, पण तो आजारच वेगळा. क्लासिक गॅलॅक्टोसेमियात गॅलॅक्टोज वापरायला लागणारं गॅल्ट हे विकर जवळपास नसतं, त्यामुळे गॅलॅक्टोज-१-फॉस्फेट साचून यकृत, मूत्रपिंड आणि मेंदूला इजा होते, तर गॅलॅक्टोजपासून बनणाऱ्या गॅलॅक्टिटॉलमुळे मोतीबिंदू होतो. आईचं दूधही बंद करावं लागतं. नुसता संशय असला तरी रिपोर्टची वाट न पाहता डॉक्टर दूध थांबवतात, कारण अशा नवजात बाळांत ई. कोलायचा जंतुसंसर्ग झपाट्याने जीवघेणा होतो. पर्याय सोया प्रथिनांवरचा शिशुआहार. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला मात्र तो सहसा देत नाहीत, त्याला अमिनो आम्लांवरचा फॉर्म्युला लागतो. औषधाच्या गोळ्यांतही लॅक्टोज असू शकतं, घटक वाचा. तपासणीआधी बाळाला रक्त चढवलं असेल तर गॅल्टची पातळी खोटी नॉर्मल दिसू शकते. ड्युआर्ट या सौम्य प्रकारात मात्र पथ्य बहुधा लागतच नाही, म्हणून दूध थांबवल्यावर नेमका प्रकार ठरवून घ्या.